खोकला घेऊन जा गे मारबत

औषधाच्या दुकानात बसणाऱ्याला ऋतू ओळखायला कॅलेंडर लागत नाही. मे महिन्यात ओआरएसच्या पुड्या, पाऊस लागला की जुलाबाच्या गोळ्या, ऑगस्ट-सप्टेंबरात डेंग्यूच्या धास्तीने पपईच्या पानांच्या कॅप्सूल, आणि दिवाळीच्या आगेमागे लहान मुलांच्या खोकल्याच्या बाटल्या. पूर्व नागपुरात, कळमना मार्केटच्या अलीकडे, माझं छोटं दुकान आहे. सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत कोण काय मागतं, कोण काय परत करतं, कोण उधार नेतं, हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं.

माझ्या एका वर्गमैत्रिणीचं दुकान धरमपेठेत आहे. आम्ही दोघी एकाच वर्षी बी.फार्म. झालो, ती पश्चिमेला गेली, मी पूर्वेला राहिले. रात्री शटर पाडल्यावर कधी फोन होतो, आणि दोन दुकानदारणी बोलायला लागल्या की शेवटी विषय मालावरच येतो. तिच्याकडे दम्याच्या मुलांचे आईबाप महिन्याच्या महिन्याला ठरल्यासारखे येतात. रोज घ्यायचा स्टेरॉइडचा पंप, सोबत स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्या मधे लावायची पोकळ नळी, मूल फार लहान असेल तर मास्क. निळा पंप, म्हणजे सॅलब्युटामॉलचा, त्यांच्या घरी असतो पण फारसा लागत नाही. 'घरातच एक्स्पायर होऊन जातो गं' म्हणते ती. माझ्याकडे सगळं उलटं. सॅलब्युटामॉलचं सिरप जातं, गोळ्या जातात, वाफेच्या मशीनमध्ये टाकायच्या रेस्प्युल्स एक-एक सुट्या जातात. रोजच्या पंपाची चिठ्ठी घेऊन कुणी आलं तर मी खुर्चीतून उठते.

एकच शहर, एकच आजार, मधे सात-आठ किलोमीटर.

फरक किती मोठा आहे ते आकड्यांत सांगते. सॅलब्युटामॉलची गोळी 2 किंवा 4 मिलिग्रॅमची असते. पंपाचा एक फवारा 100 मायक्रोग्रॅमचा. म्हणजे 4 मिलिग्रॅमच्या एका गोळीत 40 फवाऱ्यांएवढं औषध. ते पोटात जातं, तिथून रक्तात, रक्तातून अंगभर, आणि त्यातलं थोडंसं छातीत पोचतं. बाकीचं हात थरथरवतं, काळीज धडधडवतं, पोराची झोप उडवतं. बरं, गोळी असो की फवारा, हे औषध आवळलेली श्वासनळी तेवढ्यापुरती सैल करतं. नळीच्या आतली सूज तशीच राहते, आणि दमा म्हणजे मुळात ती सूज. ती उतरवायला रोज थोडं स्टेरॉइड श्वासावाटे घ्यावं लागतं, धाप नसतानाही. दम्याच्या उपचारांची जगभर मानली जाणारी नियमावली काढणारी 'जीना' ही संस्था 2019 पासून सांगते आहे की 12 वर्षांवरच्या कुणालाही नुसत्या निळ्या पंपाच्या भरवशावर ठेवू नका. आमच्याकडे लोक अजून निळ्या पंपापर्यंतच पोचायचे आहेत.

जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी सुमारे 13 टक्के भारतात आहेत. दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी मात्र 40 टक्क्यांहून अधिक. आपल्या लोकसंख्येच्या मानाने 13 टक्के काही जास्त नाहीत, कमीच आहेत. ज्यांना दमा होतो त्यांतली माणसं आपल्याकडे जास्त दगावतात, एवढाच त्याचा अर्थ. का, ते माझ्या आणि माझ्या मैत्रिणीच्या कपाटांत शेजारी-शेजारी बघता येईल.

बाहेरची माणसं म्हणतात, पंप महाग आहे म्हणून गरीब घेत नाहीत. मी हा हिशोब काउंटरवर, बिलाच्या मागच्या बाजूला, कितीदा तरी मांडला आहे. निळा पंप दीडशे-दोनशे रुपयांच्या घरात, त्यात 200 फवारे. रोजचा पंप त्याच्या दुप्पट-अडीचपट धरा. धाप लागली की खासगी दवाखान्यात मशीनची वाफ, वर एखादं इंजेक्शन, वर तीन दिवसांची औषधं, आणि आईची किंवा बापाची बुडालेली रोजी. महिन्यातून दोनदा ही वेळ आली तरी पंप स्वस्त पडतो. बायका ऐकून घेतात, 'बरोबर आहे ताई' म्हणतात आणि सिरपची बाटली घेऊन जातात. एकरकमी चारशे रुपये काढणं आणि आज पन्नास, परवा शंभर असं काढणं, यातला फरक कागदावरच्या हिशोबाला कळत नाही. सरकारी विमा योजनेचं कार्ड असतं, पण ते मूल भरती झाल्यावर कामाला येतं. भरती होऊ नये म्हणून जो पंप लागतो, त्याला नाही.

आणि पैशाच्याही अलीकडे दुसरी गोष्ट आडवी येते. काउंटरवर कुणी नसताना विचारतात, "ताई, पंप लावला का सवयच लागून जाते म्हणतात ना पोट्ट्याले?" मुलगी असेल तर आवाज आणखी खाली येतो. "उद्या पाहुणे आले पोरीले पाहाले, तर काय सांगू त्याइले?" सात वर्षांच्या पोरीच्या धापेचा विचार करताना तिच्या आईच्या डोक्यात तिचं लग्न असतं. मग पंप असला तरी तो गव्हाच्या डब्यामागे लपवलेला असतो, आणि ऐन वेळी सापडत नाही.

मृगाच्या सुमारास हैदराबादला नेऊन जिवंत मासा गिळवून आणलेली पोरंही आहेत आमच्या भागात. यावर हसणं सोपं आहे. पण ती आई रेल्वेचं तिकीट काढते, घोळक्यात रांग लावते, रडणाऱ्या पोराचं तोंड उघडून धरते. तिच्याकडे कळकळ कमी आहे असं कोण म्हणेल? वेळ द्यायची तयारीही आहे. तिला हैदराबादची वाट दाखवली कुणी? शेजारणीने. शेजारणीच्या जावेच्या पोराला म्हणे गुण आला. सरकारी ओपीडीतला डॉक्टर बिचारा तिला पाच मिनिटं देतो, तीही मागची रांग बघत. शेजारीण रात्री दोनला दार वाजवलं तरी उठते. दम्याचा खरा कारभार त्या शेजारणीच्या हातात आहे आणि आपले सगळे कार्यक्रम तिला वळसा घालून जातात, हे माझं या विषयावरचं एकमेव ठाम मत. बाकी सगळं त्यातून निघतं.

आमच्याकडे गोष्ट हलली ती एका बाईमुळेच. ती मिरचीच्या कामाला जाते. तिच्या मुलाला मेडिकलमधून, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यातून, रोजचा पंप सुरू झाला होता, आणि तिने तो बंद केला नाही, इतकंच. पोरगं हिवाळ्यात शाळेत जायला लागलं, मैदानावर क्रिकेट खेळताना दिसायला लागलं. मी वर्षानुवर्षं सांगत होते ते कुणी मनावर घेतलं नव्हतं. मी पंप विकते, माझ्या सांगण्याला विक्रीचा वास येणारच. तिच्या पोराला धावताना सगळी गल्ली बघत होती. बायका तिला विचारू लागल्या. ती एकीला घेऊन माझ्याकडे आली, मग दुसरीला. पंप कसा घ्यायचा ते तीच दाखवायची, मी फक्त चुकलं तर बोलायचे: आधी हलव, स्पेसरला लाव, एक फवारा, मग पाच-सहा साधे श्वास, दुसरा फवारा हवा तर पुन्हा पहिल्यापासून, आणि स्टेरॉइडचा असेल तर शेवटी चूळ भर.

स्पेसरचा खर्च आडवा आला तेव्हा मी त्यांना केपटाऊनची गोष्ट सांगितली. तिथल्या बालरोगतज्ज्ञ हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं की 500 मिलिलिटरची साधी प्लास्टिकची बाटली घेऊन तिच्या बुडाला पंपाच्या तोंडाच्या मापाचं भोक पाडलं तर ती विकतच्या स्पेसरच्या तोडीचं काम करते. थर्माकोलचा पेला मात्र कमी पडला. भोक नेमकं मापाचं हवं, फट राहिली तर औषध बाहेर. आमच्या गल्लीतल्या एका वेल्डिंगवाल्या भाऊंनी तार तापवून असं झकास भोक पाडून दिलं की मी बघतच राहिले. विकतचा स्पेसर परवडत असेल तर तोच घ्यावा, हे मी दर वेळी बजावते. पण रात्री दोनला नसलेल्या स्पेसरपेक्षा असलेली बाटली बरी.

मग आमच्या भागातल्या आशा स्वयंसेविकेने, आशाताईंनी, अंगणवाडीत बैठक लावली. त्यांच्याकडे कुठल्याशा प्रशिक्षणात मिळालेला कागद होता, दमा कशाने वाढतो त्याची यादी असलेला. गालिचे, पाळीव प्राण्यांची लव, फुलांचे परागकण, मऊ खेळणी. एका आजींनी गालिचा ऐकला आणि म्हणाल्या, "बाप्पा, आमच्या घरी चटईले भोकं पडून राहिले." हशा पिकला. आशाताई हुशार. त्यांनी कागद घडी घालून ठेवला आणि म्हणाल्या, मग तुम्हीच सांगा, तुमची पोरं कशाने खोकलतात?

पहिलं नाव निघालं मिरचीचं. कळमन्याला लाल मिरचीचा मोठा बाजार भरतो. आमच्याकडच्या कितीतरी बायका हंगामात देठ खुडायच्या कामाला जातात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा साडीच्या निऱ्यांत, केसांत, नखांखाली मिरचीची धूळ असते. दिवसभर आईची वाट बघणारं पोर धावत येऊन मांडीत शिरतं आणि खोकत सुटतं. एकीने हे सांगितलं आणि बाकीच्या 'आमचंही तसंच, आमचंही तसंच' करू लागल्या. माझ्या दुकानातल्या एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं काय होतं? 'खोकला कोरडा की ओला?' उपायही त्यांनीच काढला. कामाची साडी वेगळी, ती घरात आणायची नाही, पोराला उचलायच्या आधी कोपरापर्यंत हात आणि तोंड धुवायचं. एका खोलीच्या घरात साडी बदलायची कुठे, या प्रश्नावर गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या मावशींनी आपली न्हाणी देऊ केली. जगातल्या कुठल्याही दम्याच्या पुस्तकात ही न्हाणी सापडणार नाही.

दुसरा नंबर कूलरचा. नागपूरकराला कूलर म्हणजे काय ते सांगायला नको. एप्रिलमध्ये माळ्यावरून काढला, पुसला न पुसल्यासारखा केला, पाणी झिरपतं त्या ताट्या गेल्या वर्षीच्याच ठेवल्या आणि बटण दाबलं की वर्षभराची धूळ आणि ओलीतली बुरशी थेट पलंगावर. माझ्या वहीत बघितलं तर उन्हाळ्याच्या सुरुवातीला रेस्प्युल्सची एक छोटी लाट असते, ती तेव्हाची असणार असा माझा कयास आहे. ताट्या दर वर्षी बदलायच्या. नाहीच जमलं तर कूलर पहिले दोन तास अंगणात चालवायचा आणि पोरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही, असं ठरलं. मग पाण्याचा बंब, ज्यात हिवाळ्याच्या सकाळी लाकडांसोबत फाटक्या चपला आणि पॅकिंगचं प्लास्टिकही जळतं. मग भिंतीची ओल, धूप, बिडी. झुरळांचं नाव कुणी घेतलं नाही, ते मी घातलं.

झुरळ आणि दम्याचा संबंध पहिल्यांदा ठसठशीतपणे पुढे आला तो अमेरिकेतल्या शहरांमधल्या गरीब वस्त्यांमधून, 1997 साली. ज्या मुलांना झुरळांची ॲलर्जी होती आणि घरात झुरळंही भरपूर होती, त्यांच्यावर दवाखान्यात दाखल व्हायची वेळ कितीतरी जास्त येत होती. पुढे 2004 मध्ये तिथल्या सात शहरांतल्या 937 मुलांवरचा अभ्यास छापून आला. प्रत्येक मुलाला कशाची ॲलर्जी आहे ते बघून त्याच्या घरात तेवढंच काम केलं, तर त्रासाचे दिवस कमी झाले. बॉस्टनच्या मुलांच्या रुग्णालयाने 2005 पासून त्याच धर्तीवर घरोघरी माणसं पाठवली. ती माणसं त्याच वस्तीतली, तीच भाषा बोलणारी. ती पंप तपासायची, झुरळांचा बंदोबस्त करायची, घरमालकाशी भांडायलाही मदत करायची. वर्षभरात त्या मुलांचं दाखल होणं 80 टक्क्यांहून अधिक घटलं, आणि वाचलेला पैसा घातलेल्या पैशापेक्षा जास्त निघाला. अमेरिकेतलं सगळं आपल्याला लागू पडत नाही. तिथे गालिचे असतात. दार कोण वाजवतं यावर ते उघडतं की नाही हे ठरतं, एवढं मात्र बॉस्टनला आणि आमच्या पारडीला सारखंच.

सगळ्यात जास्त वाद झाला तो डासांच्या कॉइलवर. मी वाचलेलं सांगितलं: एक कॉइल जळून जेवढे बारीक कण सोडते ते 75 ते 137 सिगारेटींएवढे भरतात, असं 2003 सालच्या एका अभ्यासात मोजलं होतं. बंद खोली, खाली अंथरुणावर पोरं, कोपऱ्यात रात्रभर कॉइल. मला वाटलं आकडा ऐकून सगळ्या गप्प होतील. एक बाई ताडकन म्हणाली, "तुम्ही धुराचं सांगून राहिले, अन् डेंगू झाला तर?" तिच्या घरामागे उघडी नाली आहे. तिच्या दिराच्या पोराला डेंग्यूने आयसीयूत ठेवलं होतं. तिच्या दृष्टीने कॉइल म्हणजे तिला परवडणारं एकमेव औषध. मच्छरदाणी म्हणावं तर एका खोलीत सहा जण झोपतात, चार खिळे ठोकायचे कुठे? शेवटी असं निघालं की ज्या घरात दम्याचं मूल आहे तिथे निदान त्या मुलापुरती छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी घ्यायची, कॉइल लावायचीच असेल तर संध्याकाळी दार-खिडकी उघडी ठेवून लावायची आणि झोपायच्या आधी विझवायची, आणि नालीचा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी द्यायचा. मच्छरदाणी आणि नाली एकाच कागदावर आली. तज्ज्ञांच्या कागदावर ती वेगवेगळ्या खात्यांत असते.

शाळेचं थोडक्यात सांगते. एका शाळेत पंप ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद, किल्ली ज्या सरांकडे ते इलेक्शन ड्युटीवर. पोराला धाप लागली, त्याला स्कूटरवर बसवून घरी आणलं. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर 2014 पासून शाळांना स्वतःजवळ एक तातडीचा निळा पंप ठेवायची कायद्याने मुभा आहे. आपल्याकडे तसं काही नसलं तरी शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या बायका. त्या समितीत आमच्याकडच्या दोघी होत्या, आजवर फक्त सहीपुरत्या. त्यांनी विषय काढला. आता पंप मुलाच्या दप्तरात असतो आणि पीटीच्या सरांना तो कसा द्यायचा ते येतं. त्यासाठी ना निधी लागला, ना जीआर.

घरातलं एवढं सगळं झाल्यावर त्याच मिरचीच्या कामाच्या बाईने मला विचारलं, "आम्ही आमचा बंब विझवतो ताई. अन् तो मोठा बंब कोण विझवन?" तिने हात उत्तरेकडे केला होता.

उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही वीजकेंद्रं. कोराडीत 660 मेगावॉटचे 3 संच, खापरखेड्यात 1340 मेगावॉटची क्षमता, सगळं कोळशावर. महाराष्ट्राचे दिवे त्यावर लागतात, आमच्या घरातला कूलरही. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांतून बाहेर पडणाऱ्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घातली, मूळ मुदत दोन वर्षांची होती. मग मुदतीमागून मुदती वाढत गेल्या. जुलै 2022 मध्ये खसाळ्याच्या राखतलावाचा बांध फुटला आणि राखेचा चिखल आसपासच्या गावांत, शेतांत शिरला. त्यात भर म्हणून कोळशाचे ट्रक, वीटभट्ट्या, वर्षानुवर्षं चाललेली सिमेंट रोड आणि पुलांची कामं, उन्हाळ्यात भांडेवाडीला पेटणारा कचरा. हिवाळ्यात थंड हवा जमिनीलगत बसून राहते, धुराला वर जायला वाट नसते. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत नागपूर आहे. बारीक कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 40 मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची 2021 पासून 5. पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या नीरीचं मुख्यालय याच शहरात, वर्धा रोडवर. हवा सतत मोजणाऱ्या केंद्रांची नावं वाचली तर सिव्हिल लाइन्स, रामनगर, अंबाझरी, महाल अशी सापडतात. ही नावं वाचून पूर्वेकडच्या माणसाला जो प्रश्न पडतो तो मी लिहायला नको.

कोणत्या पोराची धाप कोणत्या चिमणीमुळे, हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. लंडनमध्ये एला किसी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी 2013 मध्ये दम्याने गेली. तिचं घर साऊथ सर्क्युलर या रहदारीच्या रस्त्यापासून तीसेक मीटरवर. तिची आई रोझामंड वर्षानुवर्षं लढली, आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या कॉरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणांत प्रदूषित हवा लिहिली. ब्रिटनमध्ये हे पहिल्यांदाच घडलं. त्या आईचं म्हणणं होतं की हवेबद्दल मला वेळीच कुणी सांगितलं असतं तर मी घर बदललं असतं. आमच्याकडे सांगूनही घर बदलता येत नाही. काम इथेच आहे. तरी सांगायला हवं.

म्हणून मला जनजागृती या प्रकाराचा थोडा रागच आहे. फ्लेक्स लागतो, मे महिन्याच्या पहिल्या मंगळवारी जागतिक दमा दिन होतो, पाहुणे बोलून जातात, आणि सगळा भार आईवर येतो: कॉइल लावू नका, धूळ झटकू नका, ओल ठेवू नका. तिने हे सगळं केलं आणि तरी पोराला धाप लागली, तर दोष पुन्हा तिचाच. हार्लेममध्ये वेगळं घडलं होतं. न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या डिझेल बसचे बहुतेक डेपो त्या एका बाजूला एकवटले होते. 1988 साली तिथल्याच लोकांनी 'वी ॲक्ट' नावाची संघटना उभी केली. 1996 च्या उन्हाळ्यात तिथली पोरं चौकाचौकांत उभी राहून जाणारे ट्रक आणि बस मोजत होती, आणि विद्यापीठाचे संशोधक त्यांच्यासोबत फुटपाथवरची हवा मोजत होते. पुढे शहरातल्या बस बदलाव्या लागल्या. पोरांनी मोजलं म्हणून विद्यापीठाला आकडे मिळाले आणि विद्यापीठ होतं म्हणून पोरांचं कुणी ऐकलं. आमच्या भागातल्या दहावीच्या पोरांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी लगेच मोबाइलमध्ये काउंटरचं ॲप टाकलं. मी त्यांना माझी वही देऊ केली आहे, कुठल्या तारखेला किती रेस्प्युल्स गेल्या त्याची, गिऱ्हाइकांची नावं वगळून.

यंत्रणा नाही असं नाही, हे मला नंतर कळत गेलं. शहरी आरोग्य अभियानात 50 ते 100 घरांमागे एक महिला आरोग्य समिती असते, तिला वर्षाला 5,000 रुपयांचा मुक्त निधी मिळतो, आणि तो कशावर खर्च करायचा हे त्या बायकांनी ठरवायचं असतं. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाडीत मुलांची ज्या आजारांसाठी तपासणी करायची त्या यादीत श्वासनळ्यांचा हा विकारही आहे. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत निळा पंपही आहे आणि बुडेसोनाइड या स्टेरॉइडचाही. म्हणजे कागद सगळे आहेत. पण आशाताईंना मोबदला मिळतो तो लसीकरणाचा, प्रसूतीचा, क्षयरोगाचा, अमुक फॉर्म भरल्याचा. दम्याच्या पोराचं घर तिसऱ्यांदा बघितल्याचा रकाना कुठल्या फॉर्ममध्ये असेल तर तो त्यांना अजून कुणी दाखवलेला नाही. लोकसहभाग म्हणजे बायकांनी फुकट करायचं काम, असा जर कुणाचा समज असेल तर तो आधी काढून टाकायला हवा. बॉस्टनच्या त्या माणसांना पगार होता.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारपर्यंत दुकान बंद ठेवते. त्या दिवशी मारबत, म्हणजे पीडा शहराबाहेर न्यायला काढलेल्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत 1881 पासूनची, पिवळी 1885 पासूनची, दोघींची गाठ पडते तेव्हा इतवारी-महालात मुंगीला शिरायला जागा नसते. ईडा पीडा, रोगराई, खोकला, सगळं घेऊन जा गे मारबत, असं लोक ओरडतात. खोकल्याचं नाव घेऊन त्याला शहराबाहेर घालवणारा दुसरा सण मला माहीत नाही. सोबत बडगे असतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, त्या वर्षी लोकांना जे छळतं त्याचे पुतळे. यंदा आमच्या पोरांना धुराचा बडग्या करायचा आहे. बांबूची चिमणी, काळा कागद, पोटात ट्रकचे मोजलेले आकडे मोठ्या अक्षरांत. यावर आजींनी शंका काढली की बडग्या शेवटी जाळतात, म्हणजे पुन्हा धूरच. पोरांचं अजून ठरलेलं नाही. एक गट म्हणतो जाळायचा नाही, झोन ऑफिससमोर उभा करून ठेवायचा. दुसऱ्याचं म्हणणं असं की न जाळलेला बडग्या म्हणजे अपशकुन. मी त्या वादात पडलेली नाही.

बैठकीच्या वेळेचा वाद मात्र मिटला. आरोग्य केंद्रातून निरोप होता, डॉक्टर दुपारी तीनला येतील, सगळ्यांना जमवा. मिरचीचा हंगाम चालू असताना दुपारी तीनला अंगणवाडीत फक्त सेविका आणि भिंतीवरची बाराखडी सापडते. बायकांनी उलट निरोप धाडला: रात्री नऊला या, जेवणं आटोपलेली असतात, पोरं जागी असतात, प्रत्येकीचा पंप आणि बाटली सोबत असेल, ती तपासून द्या, आणि रोजचा पंप केंद्रावर का मिळत नाही तेवढं सांगा. दोन दिवस काही कळलं नाही. मग आशाताईंचा फोन आला, डॉक्टर येतात म्हणाले, पण नऊ नको, साडेआठला. चालेल म्हटलं. त्या दिवशी मी शटर लवकर पाडणार आहे.